दर्यावर जाण्यापूर्वी

पुण्याचे आणि समुद्राचे कधी फारसे जमले नाही. मुंबईच्या माणसाला समुद्र रोज संध्याकाळी फुकट भेटतो. कोकणातल्या माणसाच्या तर तो परसदारीच असतो. आम्हां पुणेकरांना पाणी म्हटले की आठवते ते खडकवासल्याचे, आणि तेही धरणात किती उरले या काळजीपोटी. इतिहासात डोकावावे, तर पुण्याच्या दरबाराने समुद्राकडे मोठ्या ईर्ष्येने लक्ष घातले ते 1756 साली, आणि ते कशासाठी? तर इंग्रजांना हाताशी धरून विजयदुर्गावर तुळाजी आंग्र्यांचा बीमोड करण्यासाठी. त्या फेब्रुवारीत आंग्र्यांचे आरमार बंदरातच जळून खाक झाले. पुढे पुण्याने समुद्राचा विचार केला तो बहुधा विलायतेहून परतलेल्या माणसाने प्रायश्चित्त घ्यावे की न घ्यावे, या वादापुरता!

अशा शहरात, सदाशिव पेठेतल्या एका मराठीच्या प्राध्यापकाच्या घरात 'क्रूझ' हा शब्द शिरला, याला कारण आमच्या मातोश्री. त्यांना पंचाहत्तरावे लागणार होते. आमचा बेत साधा होता: एखादे मंगल कार्यालय, जिलबी-मठ्ठा, शाल-श्रीफळ, आणि पाहुण्यांपैकी कोणी न थांबवता येणारे भाषण करणारच, त्याची तयारी. आईने हे सारे ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाली, "मला हॉल नको. मला बोटीतून न्या. मोठ्या बोटीतून."

आमची कन्या आनंदाने टाळ्या पिटू लागली. मी आणि सौ. मात्र एकमेकांकडे पाहत राहिलो. याचे कारण वाचकांना आधी सांगितले पाहिजे, नाही तर पुढचा सारा प्रपंच पोरकट वाटेल.

आईचे माहेर अलिबागजवळचे. तिचे थोरले काका गिरगावात एका दुकानात नोकरीला होते. 17 जुलै 1947 च्या सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या 'रामदास' बोटीत ते बसले. स्वातंत्र्य महिन्यावर आलेले, दिव्यांची अवस दाराशी. घरी जाणाऱ्यांची गर्दी उसळली होती. 'रामदास' 1936 साली विलायतेत बांधलेली, 179 फूट लांबीची आगबोट. धक्का सोडून फार वेळ झाला नव्हता. पावसाळी समुद्र, वारा; काशाच्या खडकाच्या आसपास बोट लाटांनी कलली, घाबरलेली माणसे एका अंगाला धावली आणि बोट आडवी झाली. सहाशेच्या वर माणसे गेली. बोटीवर बिनतारी संदेशाचे यंत्र नव्हते. इतक्या जवळच्या मुंबईला बातमी कळली ती दिवस कलल्यावर, पोहत-तरंगत किनाऱ्याला लागलेल्या जिवांकडून. आईचे काका त्यांत नव्हते.

आईचा जन्म त्यानंतरचा. पण तिच्या आजीने घराला एक नियम घालून दिला तो कायमचा: या घरातले माणूस पाण्यावरून मुंबईला जाणार नाही. कोकणातल्या बोटींचा तिला त्याआधीही एक दाखला ठाऊक होता. 11 नोव्हेंबर 1927 ला 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन आगबोटी एकाच दिवशी बुडाल्या होत्या. संतांची नावे दिली म्हणून समुद्र भक्त होत नाही, असे ती म्हणे. तेव्हा आईचे सारे बालपण, शिक्षण, लग्न आणि पुढची माहेरपणे एस.टी.च्या गाडीतून झाली. वडखळ, पेण, पनवेल, घाट आणि पुणे. समोर समुद्र आणि वाट डोंगरातून! तीच आई आता म्हणत होती, मला बोटीतून न्या.

बेत ठरला. मुंबईहून निघायचे, लक्षद्वीपला जायचे आणि परत यायचे; पाच रात्री. टिळक रोडवरच्या प्रवास कंपनीतल्या तरुणाने फॉर्म पुढे केला. नाव, वय, आधार, जेवण शाकाहारी की मांसाहारी, जैन असल्यास तसे. आणि सर्वांत शेवटी एक चौकोन: 'प्रवासविमा हवा / नको'. त्या पोराने बोट ठेवून सांगितले, "हे ऑप्शनल आहे, सर." ऑप्शनल! परीक्षेच्या पेपरातला ऑप्शनल प्रश्न पाहून विद्यार्थी जितका गोंधळतो तितका दुसऱ्या कशाने गोंधळत नाही, हे मी वीस वर्षे पाहत आलो आहे. मी फॉर्म घडी करून घरी आणला. त्या चौकोनावर आमच्या घरात तीन आठवडे परिसंवाद चालला.

पहिले वक्ते अर्थातच अप्पाकाका. माझे हे चुलते आयुर्विमा महामंडळातून निवृत्त झालेले. 1956 च्या 1 सप्टेंबरला 245 संस्था एकत्र करून महामंडळ कसे जन्माला आले, हे ते अथर्वशीर्षासारखे म्हणून दाखवतात. मला वाटले होते, विम्याचा पुरस्कार करतील तर तेच. पण निघाले उलटेच.

"आयुर्विमा वेगळा," काका म्हणाले. "त्यात माणूस जगला तरी पैसे मिळतात आणि गेला तरी मिळतात. हा पाच दिवसांचा विमा म्हणजे काही झालं नाही तर पैसे गेले. आणि बोट बुडाली तर? घेणारा राहील का पैसे घ्यायला?"

"काका, बोट बुडणार नाही," मी म्हटले.

"मग कशाला हवाय?"

या युक्तिवादाला वरवर पाहता तोड नव्हती. आमच्या सौभाग्यवती बँकेत आहेत. त्यांनी चष्मा पुसला आणि वादाला निराळीच कलाटणी दिली. त्या म्हणाल्या, "बोट बुडण्याचं राहू द्या. निघायच्या आदल्या आठवड्यात आईंना ताप आला तर काय, ते आधी पाहा." आणि खरोखरच तिकिटाच्या अटींत तो तक्ता होता. अमुक दिवस आधी प्रवास रद्द केला तर इतके कापणार, तमुक दिवस आधी केला तर तितके, आणि शेवटच्या काही दिवसांत केला तर सारेच पैसे गेले. चार जणांचे तिकीट म्हणजे आमच्या घराचे दोन महिन्यांचे खर्चाचे अंदाजपत्रक. सौ.नी आणखी एक आठवण दिली: जानेवारी 2022 मध्ये मुंबईहून गोव्याला गेलेल्या कॉर्डेलिया बोटीवर 66 जणांना कोविड निघाला, आणि बोटीला मुंबईला परतावे लागले होते. बोट उत्तम होती, समुद्र शांत होता, कोणी बुडाले नाही. तरी प्रवास फसला. सौ.चे म्हणणे असे की, आपण सारे काशाच्या खडकाला घाबरतो आहोत, आणि धोका बसला आहे आपल्याच औषधांच्या डब्यात.

कन्येचा प्रश्न निराळाच होता. तिला लक्षद्वीपला पाण्याखाली जाऊन मासे पाहायचे होते. "स्कूबा कव्हर होतं का, बाबा?"

मी तीन कंपन्यांच्या पॉलिसी आणल्या आणि एका रविवारी दार लावून वाचायला बसलो. आजवर मी ज्ञानेश्वरीपासून नवकवितेपर्यंत पुष्कळ दुर्बोध वाङ्मय शिकवले आहे; पण या वाङ्मयप्रकाराला माझा नमस्कार. त्याचे व्याकरणच वेगळे. देणारे वाक्य एका ओळीचे आणि काढून घेणारे वाक्य सहा ओळींचे. 'मात्र', 'वगळून' आणि 'अधीन राहून' हे या नाट्याचे तीन नायक. तरी मन लावून वाचले, तर अर्थ लागतो. अपघात झाला, एकाएकी इस्पितळात दाखल व्हावे लागले, तर खर्च मिळतो. रुग्णाला जवळच्या योग्य इस्पितळापर्यंत हलवण्याचा खर्च मिळतो. मात्र त्यांच्या मदत-केंद्राला आधी फोन केलेला असला पाहिजे. प्रवास रद्द केला तर पैसे मिळतात. मात्र कारण त्यांच्या यादीतले हवे, जसे स्वतःचे किंवा जवळच्या नातलगाचे गंभीर आजारपण वा मृत्यू. मन बदलले, भीती वाटली, मुलीची परीक्षा पुढे गेली, ही कारणे यादीत नाहीत. कप्तानाने हवा पाहून वाट बदलली आणि एखादे बेट पाहायचे राहिले, तर दोन पॉलिसींत त्याचा उल्लेखच नव्हता, तिसरीत नाही म्हणून स्पष्ट लिहिले होते. मद्यप्राशन केलेल्या अवस्थेत पडलात तर काही नाही. स्कूबाचे म्हणाल तर एका पॉलिसीत साफ वगळलेले, दुसरीत जाणकार शिक्षकाच्या देखरेखीखाली केल्यास चालेल असे. तीन पॉलिसींची नावे जवळजवळ सारखी, आणि पोटात तीन निरनिराळे जीव!

मग मला आमच्या घरच्या मेडिक्लेमची आठवण झाली. तो असताना वेगळा विमा हवा कशाला? तीही पॉलिसी काढली. तिच्यात 'रुग्णालय' कशाला म्हणावे याची व्याख्या आहे, आणि ती सगळ्या कंपन्यांना सारखीच घालून दिलेली आहे. नोंदणी नसेल तर दहा लाखांहून कमी वस्तीच्या गावात निदान दहा खाटा हव्यात, इतरत्र पंधरा. चोवीस तास परिचारिका हव्यात, डॉक्टर हवा, शस्त्रक्रियेची खोली हवी. मी विचार करू लागलो. अरबी समुद्राची वस्ती दहा लाखांहून कमी धरावी की अधिक? विनोद सोडा, बोटीवरच्या दवाखान्यात डॉक्टर असतो, प्राणवायू असतो, चार-दोन खाटा असतात, पण तो या व्याख्येतले रुग्णालय होणे कठीण. शिवाय नुसती तपासणी, औषध, इंजेक्शन यांचे पैसे तो विमा सहसा देत नाही. म्हणजे बोटीवर जे घडण्याचा सर्वांत अधिक संभव, नेमके तेच मेडिक्लेमच्या चिमट्यातून निसटते.

इथवर आल्यावर माझ्यातला मास्तर जागा झाला आणि मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेलो. 'विमा' हा शब्द आला आहे फारसीतल्या 'बीम'वरून, आणि बीम म्हणजे भय. शब्द प्रामाणिक आहे. विलायती कंपन्या येण्यापूर्वीही पश्चिम किनाऱ्याच्या व्यापाऱ्यांना ही युक्ती ठाऊक होती. 'जोखमी हुंडी' म्हणत तिला. माल पाठवणारा व्यापारी मालाच्या किमतीची हुंडी काढी. दुसरा एखादा सावकार ती थोडे पैसे कापून आधीच विकत घेई. गलबत सुखरूप पोचले तर माल उतरवून घेणारा हुंडीचे पैसे भागवी. गलबत बुडाले तर सावकाराचे पैसे पाण्यात. उधारी आणि विमा एकाच कागदावर! आणि याच्याही मागे, रोमनांनी जपून ठेवलेला रोड्स बेटाचा एक जुना नियम आहे. वादळात जहाज वाचवण्यासाठी कोणा एकाचा माल समुद्रात फेकावा लागला, तर ते नुकसान त्या एकट्याचे नव्हे. ज्यांचे ज्यांचे म्हणून वाचले, त्या सगळ्यांनी ते वाटून घ्यायचे. सागरी व्यापारात हा नियम आजही चालतो.

हे मी रात्री जेवताना मोठ्या रंगात येऊन सांगितले. आई भाकरी मोडत ऐकत होती. ती म्हणाली, "मग त्या कोळ्यांना कुणी वाटणी दिली?"

मला क्षणभर कळेना. मग तिने सांगितले. 'रामदास' बुडाली तेव्हा रेवसकडचे कोळी मासळी भरून मुंबईच्या बाजाराला निघाले होते. पाण्यात माणसे दिसली तशी त्यांनी होडीतली मासळी समुद्रात लोटून दिली आणि त्या जागी माणसे घेतली. पुढे ही हकीकत मी वर्तमानपत्रांतूनही वाचली आहे. पण आईला ती तिच्या आजीकडून कळली होती, आणि आजी ती सांगताना दर वेळी मासळीचाच हिशेब करी: एका फेरीची कमाई, जाळ्याचे कर्ज, घरी खाणारी तोंडे. ज्यांचे वाचले त्यांनी वाटून घ्यायचे, हा रोड्सचा नियम त्या दिवशी काशाच्या खडकापाशी कोणाला आठवला असेल असे वाटत नाही. त्या रात्री आमच्याकडे पुढे कोणी विम्यावर बोलले नाही.

पण चौकोन तसाच होता. दुसऱ्या दिवशी मी त्यात 'हवा'वर खूण केली. मला वाटले सुटलो. आणि खरा प्रश्न तिथूनच सुरू झाला. कारण विमा हवा म्हटले की दुसरा फॉर्म येतो, आणि त्यात विचारलेले असते: प्रवाशास हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह यांपैकी काही आहे काय?

आईच्या हृदयात चार वर्षांपूर्वी स्टेंट बसवला आहे. अप्पाकाकांनी लगेच नियमावर बोट ठेवले. 'आधीपासूनचा आजार' म्हणजे गेल्या छत्तीस महिन्यांतला. 2024 पासून तशी व्याख्याच झाली आहे. "स्टेंटला अठ्ठेचाळीस महिने झाले. लिहू नकोस. लिहिलंस तर एक तर नाही म्हणतील, नाही तर दुप्पट पैसे मागतील. नियमातच बसतंय, खोटं थोडंच बोलतोयस?"

मी ती व्याख्या काकांना पुढे वाचून दाखवली. छत्तीस महिन्यांत निदान झालेला आजार, 'किंवा' ज्यावर डॉक्टरांनी उपचार सांगितला वा केला तो आजार. आई रक्त पातळ ठेवायची गोळी रोज सकाळी घेते, रक्तदाबाची रात्री घेते. त्या 'किंवा'त ती सबंध बसत होती. मराठीच्या मास्तरला निदान उभयान्वयी अव्यय तरी ओलांडता येत नाही. आणि विमा हा करारच मुळी दुकानातल्या खरेदीसारखा नव्हे. दुकानात गिऱ्हाईकाने डोळे उघडे ठेवायचे असतात; इथे सांगणाऱ्याने सारे सांगायचे असते, कारण माहिती एकट्या त्याच्याजवळ असते. आपल्या 1963 च्या सागरी विमा कायद्यात हे परम सद्भावाचे तत्त्व कलम घालून लिहिलेले आहे, आणि बाकीचा विमाही त्याच पायावर उभा आहे.

काका म्हणाले, "तत्त्व ठीक आहे. पण नाकारलं तर वहिनींचा हिरमोड होईल."

तेवढ्यात आईच बाहेर आली. म्हणाली, "लिही रे सगळं. माझा गोळ्यांचा डबा बोटीवर येणार ना? मग कागदावर का नको?"

लिहिले. पहिल्या कंपनीने नकार कळवला. दुसरीने विमा देऊ केला, पण हृदयाशी संबंधित काहीही असले तरी एक पैसा मिळणार नाही, या अटीवर. म्हणजे छत्री मिळणार, फक्त पाऊस सोडून. तिसरीने थोडे अधिक पैसे घेतले आणि कलम घातले की, जुन्या आजारामुळे जिवावर बेतलेच तर एका मर्यादेपर्यंत खर्च देऊ. ती मर्यादा फार मोठी नव्हती. पण लक्षद्वीपच्या बेटांवर कोणी अत्यवस्थ झाले, तर हेलिकॉप्टरने कोचीला हलवावे लागते, आणि बेटे कोचीपासून दोनशेवीस ते चारशेचाळीस किलोमीटरांवर पसरलेली. ते अंतर नकाशावर मोजले आणि आम्ही तिसरी कंपनी घेतली. चौघांचा मिळून हप्ता लक्ष्मी रोडवरच्या एका बऱ्या साडीएवढा झाला. काका शेवटपर्यंत म्हणत होते की, साडी घेतली असती तर निदान नेसता आली असती.

जानेवारीत डेक्कन क्वीनने निघालो. बॅलार्ड पिअरला पोचल्यावर बोट पाहून आई बराच वेळ काही बोलली नाही. दहा-अकरा मजले, सातशे फुटांच्या आसपास लांबी. 'रामदास'सारख्या चार बोटी एकीपुढे एक लावाव्यात आणि मग हिची बरोबरी व्हावी. आत नाटकगृह, पोहण्याचा तलाव, दुकाने. आम्हां पुणेकरांना यांतली निम्मी गोष्ट वायफळ खर्चाची वाटली, उरलेली निम्मी आम्ही फुकट आहे का ते विचारून उपभोगली.

बोट सुटण्यापूर्वी संकटकाळी काय करायचे याची कवायत असते. हीमागेही एक कथा आहे. 13 जानेवारी 2012 ला इटलीच्या जिल्यो बेटापाशी 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' ही प्रचंड बोट खडकावर गेली आणि बत्तीस माणसे मेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या कित्येक प्रवाशांची कवायत तोवर झालीच नव्हती. तेव्हाचा नियम चोवीस तासांची सवड देत असे. 2015 पासून ही कवायत बोट सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणीच झाली पाहिजे, असे ठरले. आमच्या आसपासची मंडळी कवायतीच्या वेळी एकमेकांचे फोटो काढण्यात गुंतली होती. आई मात्र पहिल्या रांगेत उभी राहून जॅकेटचा बंद कसा ओढायचा ते पाहत होती. सूचना देणाऱ्या मुलाला तिने हिंदीत विचारले, "बेटा, बिनतारी यंत्र है ना?" त्याला तो शब्द काही कळला नाही. मी समजावून सांगितल्यावर तो हसला आणि म्हणाला, "आजी, उपग्रहसुद्धा आहे." तो रत्नागिरीचा निघाला.

संध्याकाळी बोट बंदराबाहेर पडली. मुंबईचे दिवे मागे राहिले. डाव्या हाताला रायगडचा किनारा काळसर रेघेसारखा दिसत होता. मी आईला कठड्याशी घेऊन गेलो आणि मांडव्याच्या बाजूला बोट दाखवले. खडक काही अंधारात दिसत नव्हता. तिने मागे वळून मुंबईचे दिवे पाहिले, पुन्हा किनाऱ्याकडे पाहिले, पुन्हा मागे पाहिले.

"इतकंच अंतर?" ती म्हणाली.

वारा वाढला तशी सौ.नी शाल आणली. आई तिथेच खुर्ची घेऊन बसली, किनाऱ्याचा शेवटचा दिवा दिसेनासा होईपर्यंत. जेवायला खाली आली तेव्हा मात्र तिने दोन वेळा गुलाबजाम मागून घेतले.

लक्षद्वीपचे वर्णन मी करीत नाही. तिथले पाणी ज्यांनी पाहिले त्यांना शब्द नकोत, आणि न पाहिलेल्यांना माझ्या शब्दांनी ते निळे वाटणार नाही. मोठ्या बोटीतून लहान होडीत उतरायचे असते; होडी वरखाली होत असते आणि दोन खलाशी तुम्हांला दंडाला धरून अलगद तिच्यात ठेवतात. आई त्या क्षणी डोळे मिटून घेईल असे मला वाटले होते. तिने मिटले नाहीत. कन्येने शिक्षकाचा हात धरून पाण्याखाली जाऊन पोपटमासा पाहिला, आणि वर आल्यावर पहिला प्रश्न केला तो विम्याचा नव्हता, भुकेचा होता.

परतीच्या पहिल्या रात्री शेजारच्या खोलीतल्या गृहस्थांना धाप लागली. जगात कुठेही जा, शेजारी पुणेकर भेटतोच, तसे हे कोथरूडचे. पत्नी घाबरून दार ठोठावत आल्या. बोटीवरचे डॉक्टर पाच मिनिटांत आले. प्राणवायू लावला, वाफ दिली, रात्रभर दवाखान्यात ठेवले. सकाळी ते सावरून नाश्त्याला बसले होते. पैसे खोलीच्या हिशेबात लागले, मुंबईत उतरल्यावर खबरदारी म्हणून दोन दिवस इस्पितळात काढले ते वेगळे. त्यांनी विमा घेतला होता. तिकीट काढताना मोबाईलवर, दोन मिनिटांत. प्रश्नांच्या यादीपुढे ओळीने 'नाही, नाही, नाही' असे उमटले होते. दमा त्यांना लहानपणापासूनचा.

मार्चमध्ये त्यांचा फोन आला. कंपनीने दावा नाकारल्याचे पत्र आले होते. आम्ही त्यांच्या गॅलरीत बसून ते पत्र वाचले. माझ्या मते कंपनीची बाजू भक्कम आहे, आणि मी ते तोंडावर सांगितले. पण पत्रात दम्याचे कारण दाखवून सामान उशिरा मिळाल्याचा दावाही नाकारला होता, आणि सामानाला काही दमा झालेला नव्हता! तेवढ्यासाठी मी त्यांना विमा लोकपालांचे कार्यालय सांगितले. पुष्कळ पुणेकरांना ते ठाऊक नसते. नारायण पेठेत, न. चिं. केळकर रस्त्यावर, 'जीवन दर्शन' इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची. तिने नकार दिला किंवा महिनाभर उत्तरच दिले नाही, तर एका वर्षाच्या आत इथे अर्ज करायचा. शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि पन्नास लाखांपर्यंतची भरपाई देववण्याचा अधिकार लोकपालांना आहे. अर्जाचे मराठी मी तपासून दिले. दोन ठिकाणी त्यांनी 'कदाचित' हा शब्द घातला होता, तो काढून टाकला. निकाल अजून यायचा आहे.

आमच्या पॉलिसीचे म्हणाल, तर ती वापरावी लागली नाही. अप्पाकाका अधूनमधून साडीची आठवण काढतात. आईने ते कागद गोळ्यांच्या डब्याखाली व्यवस्थित ठेवले आहेत. पावसाळा संपला, समुद्र निवळला. दिवाळीनंतर भाऊच्या धक्क्यावरून साध्या लाँचने रेवसला जायचे, असे तिने परवा जाहीर केले आहे. तिथून पुढे माहेर जवळच. अप्पाकाकाही येतो म्हणाले. त्यांना फक्त परतीला एस.टी. हवी आहे.